तेल लावलेला हात

वासंती,

तुझ्यावर लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय गं, दुसरे विषय संपले का तुझे?" संपलेले नाहीत. पण लखनौच्या मराठी माणसांत तुझी एकच आठवण उरली आहे: 'ती बाई, जिनं हर्डीकरकाकूंच्या तेलाला विष म्हटलं.' ती खोटी आहे. विष हा शब्द तू उच्चारलाच नव्हतास. तू गेलीस, काकू गेल्या, डॉक्टर तर केव्हाच गेले. खोटं तेवढं धडधाकट आहे. म्हणून लिहिते. आणि 'तू, तू' करत लिहिलं तर तू मध्येच तोंड घालशील, तेव्हा इथून पुढं तू 'ती'. गप्प बसून ऐक.

वासंती देवस्थळी मिरजेची. पुण्याला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि १९७१ साली फेलोशिप घेऊन लखनौच्या एका संशोधन संस्थेत आली. चौक नावाच्या जुन्या भागातल्या एका बोळात, चिकनचं भरतकाम करणाऱ्या विधवा बाईंच्या घरी तिनं वरची खोली घेतली. संस्थेतले तिचे प्रमुख डॉ. बाळकृष्ण हर्डीकर, मूळचे वाईचे. त्या काळी लखनौत मराठी माणसं मोजकी: रेल्वेतले इंजिनियर, केंद्र सरकारचे काही अधिकारी, आणि संस्थेतले हे किडेवाले. नवीन मराठी माणूस आला की त्याला आधी जेवायला बोलवायचे आणि जेवता जेवता कोण, कुठले, कुठल्या शाखेचे हे काढून घ्यायचे. वासंतीचं हे सगळं पहिल्याच रविवारी आटोपलं. हर्डीकरांची एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती, घर खायला उठायचं. डॉक्टरांच्या पत्नी शुभदाकाकूंनी वासंतीला जवळ केलं. "ही माझी लखनौची लेक," असं त्या हळदीकुंकवात येईल तिला सांगायच्या. डॉक्टर संस्थेत तिला 'मिस देवस्थळी' म्हणायचे, घरी 'वासंती, तू'.

तिच्या कामाबद्दल आता सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. किळस येत असेल तर येऊ द्या.

गुरांच्या शिरांत एक चपटा किडा राहतो. त्याची अंडी शेणातून तळ्यात पडतात. अंडं फुटलं की आतून अंगभर केस असलेलं पिल्लू निघतं आणि वल्हवत सुटतं, गोगलगाय शोधायला. वेळेत मिळाली नाही तर मेलं. मिळाली तर तिच्या मऊ अंगात घुसतं, आणि आत त्या एकाचे हजारो होतात. मग सकाळी पाण्यावर ऊन पडलं की ते गोगलगायीतून बाहेर पडतात, पण वेगळंच रूप घेऊन. डोकं, आणि मागं दोन टोकांची शेपटी. ह्या अवतारात ते काही खात नाहीत. अंगात असेल तेवढ्या बळावर एखादा दिवस काढायचा आणि तेवढ्यात कातडी गाठायची. शेपटी हलवत वर चढायचं, दमलं की तरंगत खाली यायचं, पुन्हा वर. कातडीला टेकलं की जळवेसारखं चालत जागा बघायची: एखादी सुरकुती, एखाद्या केसाचं मूळ. तिथं डोक्यातल्या ग्रंथींचा रस सोडायचा, कातडी सैल पडली की आत. शेपटी बाहेरच गळून जाते. सगळं पाच-दहा मिनिटांत, आणि ज्याच्या अंगात शिरले त्याला पत्ताही नसतो.

कातडी गाईची असेल तर त्यांचं भलं झालं. माणसाची असेल तर त्यांचा पत्ता चुकला. कातडीतच मरतात, आणि मरताना माणसाला अशी खाज लावून जातात की तो रक्त येईपर्यंत ओरबाडतो.

गोमतीपलीकडे, जिथं पुढं इंदिरा नगर उभं राहिलं त्या बाजूला, शिंगाड्याचं एक तळं होतं. जगदीश नावाचा माणूस आणि त्याचे भाऊ तिथं कमरेएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे काढायचे. दिवाळीच्या सुमाराला, ऐन हंगामात, त्यांचे पाय मांड्यांपर्यंत लाल पुरळानं भरलेले. दवाखान्यात त्यांना खरूज म्हणून गंधकाचं मलम द्यायचे आणि स्वच्छ राहा म्हणून सांगायचे.

"बहनजी, दिन भर पानी में रहते हैं," जगदीश वासंतीला म्हणाला, "और कितना नहाएँ?"

वासंतीनं त्या तळ्यातल्या गोगलगायी बरणीत भरून आणल्या, उन्हात ठेवल्या, आणि भिंगाखाली दोन टोकांच्या शेपट्या दिसल्यावर ते पाणी सरळ स्वतःच्या हातावर घेतलं. दुसऱ्या दिवशी हातावर तेच पुरळ. उड्या मारत ती डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून हात पाहिला आणि म्हणाले, "शाबास. पण लग्नाचं स्थळ बघायला येणार असेल तर लांब बाह्यांचं पोलकं घाल."

संस्थेत तेव्हा शास्त्रज्ञाची एक कायम जागा निघणार होती. दावेदार दोन. एक वासंती, दुसरा नरेंद्र सक्सेना. तो उंदरांवर औषधं करून पाहायचा. सालस मुलगा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिल्लीहून कमिटी येणार, दोघांचं काम बघणार आणि एकाला घेणार. जागा मिळाली नाही तर मार्चमध्ये फेलोशिप संपली की मिरज, आणि मिरजेत स्थळं रांग लावून उभी. वासंतीनं ठरवलं, कमिटीपुढं कागद वाचायचे नाहीत. हातावर काचेची कडी धरायची, तिच्यात किड्यांचं पाणी सोडायचं, आणि किडा माणसाच्या कातडीत शिरताना साहेबांना भिंगातून दाखवायचा. तिच्या आधी तिथं कुणी असं केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कर.

कमिटी आली ती १९७४च्या दिवाळीत, नेमकी नरकचतुर्दशीला. लखनौला त्या दिवशी सुट्टी नसते. तिथल्या लोकांची ती छोटी दिवाली. दारात दिवा लावला की झाली. भल्या पहाटे उठून तेल चोळून न्हायचं खूळ आपलं. दिल्लीकरांना संध्याकाळच्या गाडीनं घरी पळायचं होतं, म्हणून त्यांनी सकाळचीच वेळ धरलेली.

परगावात एकटी पोर, अभ्यंग कोण घालणार म्हणून काकूंनी तिला आदल्या दिवशीच मुक्कामाला आणलं होतं. पहाटे पाट मांडला.

"काकू, आज कमिटी आहे."

"मग? कमिटीनं पारोसं बोलावलंय का? बस पाटावर. आज जो न्हात नाही तो नरकात जातो, तुमच्या कमिटीसकट."

कोमट तिळाचं तेल, उटणं, कढत पाणी. लखनौत कारिट मिळायचं नाही, म्हणून काकू दारात कारलं ठेवायच्या फोडायला. वासंतीनं टाचेनं कारलं फोडलं आणि दोघी हसल्या. न्हाणं झालं, तर काकूंची नजर तिच्या हातांवर गेली. थंडी सुरू झाली होती, हात पांढरेफटक आणि खरखरीत.

"अगो बाई, ही काय दशा! या हवेत कातडी नुसती सोलून निघते," असं म्हणत त्यांनी वाटीतलं उरलेलं तेल तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत जिरवलं. एकेक बोट चोळलं. मिरजेला तिची आई इतका वेळ कधी बसली नव्हती. बाहेरून डॉक्टरांची हाक आली, "सोडा तिला आता, लेकीचं कौतुक पुरे. चकली खा म्हणावं आणि नीघ म्हणावं."

संस्थेत गेल्यावर तिनं नेहमीप्रमाणं हात पुसला तो नुसत्या पाण्याच्या बोळ्यानं. स्पिरिट लावायचं नाही हा तिचाच नियम, कारण स्पिरिटच्या वासानंही किडे मरतात. नियम बरोबर होता. पाण्यानं तेल निघत नाही, हेही शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण त्या सकाळी तेल तिच्या डोक्यातच नव्हतं. अभ्यंग ही घरातली गोष्ट, कातडी ही प्रयोगशाळेतली. एकाच हातावर दोन्ही असतील हे एम. एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं.

दिल्लीचे साहेब भिंगाला डोळा लावून बसले. वासंतीनं कडीत पाणी सोडलं. एरवी किडे जरा फिरत, टेकत, चालत आणि एकेक करून दिसेनासे होत. त्या दिवशी त्यांच्या अंगात आल्यासारखं झालं. धड टेकायच्या आधीच शेपट्या तुटायला लागल्या. डोकी पिळवटली, रस पाण्यातच ओकला, आणि फुगून, तडफडून मेली. आत एकही गेला नाही.

साहेबांनी डोळा काढला. "मिस देवस्थळी, आपके कीड़े तो ख़ुदकुशी कर रहे हैं!"

खोलीत हशा पिकला. वासंती म्हणाली, दुसरा हात घेते. घेतला. दुसऱ्या हातालाही काकूंनी तितक्याच मायेनं तेल लावलेलं. पुन्हा तेच. साहेबांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टर हर्डीकर तिच्याकडं न बघता म्हणाले, "चलिए, नरेंद्र के चूहे देख लेते हैं।"

सगळे गेले. नळाखाली हात धरला तेव्हा तिला कळलं. पाणी हातावर ठरेना. थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, अळूच्या पानावरून घरंगळावं तसं.

रडायचं सोडून ती कामाला लागली. हा तिचा गुण, आणि पुढं यानंच घात केला. दुपारी इमारत रिकामी झाली होती. उरलेले किडे तिनं दोन काचेच्या ताटल्यांत घेतले. एकीत नुसतं पाणी. दुसरीत स्वतःच्या हाताला बोट घासून तेच बोट बुडवलं. पहिल्या ताटलीतले आरामात पोहत राहिले. दुसरीतल्यांनी शेपट्या टाकल्या, रस सोडला, डोकी काचेला घासली. तिथं कातडी नव्हतीच! ऊब नव्हती, गाय नव्हती, माणूस नव्हता. बोटभर तेलकटपणा होता, आणि तेवढ्यावर ते आत शिरायची सगळी तयारी करून, शिरायला जागा नाही म्हणून मेले.

म्हणजे जवळ येईपर्यंत ऊब, उजेड, जे काय असेल ते असो. पण 'आता घूस' ही खूण कातडीची नव्हती, कातडीवरच्या स्निग्धाची होती. फसलेल्या प्रयोगानं न फसलेल्या प्रयोगापेक्षा मोठी गोष्ट सांगितली होती. उद्या एक हात तेलाचा, एक हात कोरा, एवढं डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं करून दाखवलं की पत्र जाईल, कमिटी पुन्हा विचार करेल. रिक्षात ती स्वतःशी हसत होती, रिक्षावाला दोनदा मागं वळून बघत होता.

हर्डीकरांकडं त्या संध्याकाळी लखनौच्या मराठी मंडळाचा फराळ होता. माणसांनी घर भरलेलं. काकू नव्या पैठणीत लाडू वाढत होत्या, आणि ही दारातूनच ओरडली, "डॉक्टर, कळलं! काकूंच्या तेलानं झालं! तेलानंच मेले सगळे!"

वासंती माझी मैत्रीण होती तरी सांगते, दिवाळीच्या फराळात किडे काढायचे नसतात. चार वाक्यं आधी, बाहेर ओसरीवर, डॉक्टरांना एकट्याला गाठून बोलली असती तर? पण तेवढी पोच असती तर ती वासंती कसली.

काकूंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "माझ्या तेलानं?" त्या म्हणाल्या. "मी तुझं वाईट केलं?"

"वाईट नाही हो काकू, चांगलंच केलंत! तेच तर सांगतेय, ते तेल नसतं तर—"

"सणाच्या दिवशी आईच्या मायेनं लावलं गं मी."

एक बाई कुणाच्या तरी कानात काहीतरी बोलली. डॉक्टर उठले. साहेबांपुढं गेलेली अब्रू त्यांना सबंध दिवस सलत होती. ते म्हणाले, "मिस देवस्थळी, प्रयोग फसला की फसला म्हणावं. घरच्या माणसांवर ढकलू नये. तुम्ही आता या."

घरात, चारचौघांत, 'तुम्ही'. तो एक शब्द तिला हशापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवसापासून मंडळात सुरू झालं: तेलाला नावं ठेवली. मग: तेलात काहीतरी होतं म्हणाली. संक्रांत येईपर्यंत विषावर पोचलं. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. पण तिचं दुःख तिळगुळाचं नव्हतंच. ती दर आठवड्याला डॉक्टरांच्या खोलीत जायची. "सर, फक्त दोन हात. दहा मिनिटं. तुम्ही एकदा बघा."

"कमिटीनं बघितलं."

"तुम्ही बघा."

"मला वेळ नाही."

त्यांना वेळ होता. बघितलं असतं तर ती बरोबर ठरली असती, आणि मग फराळाच्या दिवशी त्यांनी बायकोच्या बाजूनं तिला घराबाहेर काढलं ते काय म्हणून, हे घरी जाऊन सांगावं लागलं असतं. एक मोठा शास्त्रज्ञ बायकोला घाबरून भिंगात बघत नाही. घाबरून म्हणा, जपून म्हणा. मला दोन्हींत फरक दिसत नाही.

जागा नरेंद्रला मिळाली. तो पेढे घेऊन चौकातल्या खोलीवर आला. मान खाली घालून म्हणाला, "वासंती जी, सही तो आप ही थीं। पर साहब से कौन कहे?"

"तुम कहो," ती म्हणाली.

तो पेढे ठेवून गेला. मालकिणीच्या मुलांनी ते खाल्ले.

मिरजेला ती गेली नाही. हट्टानं म्हणा. इंदिरा नगर वसत होतं, तिथं मुलींची नवी शाळा निघाली, तिथं जीवशास्त्र शिकवायला लागली. शिंगाड्याचं तळं बुजवून त्यावर घरं झाली होती. जगदीश कुठं गेला कुणाला माहीत नाही, आणि त्याची खाज दवाखान्याच्या लेखी खरूजच राहिली. त्याच शाळेत मी इतिहास शिकवत होते. माझे यजमान रेल्वेत. आमची पहिली ओळख भांडणातून झाली, खिडकी उघडी ठेवण्यावरून, आणि मग कधी तुटली नाही. मुली तिला घाबरायच्या. मराठीत दटावलं तरी हिंदीत उत्तर देणाऱ्या आमच्या मंडळाच्या पोरीसुद्धा तिच्यापुढं चळाचळा कापायच्या. फळ्यावर ती पट्टकृमी इतका सुंदर काढायची की पुसावासा वाटू नये. पुसताना मात्र फाडकन् पुसायची.

कधीतरी तिनं वाचलं की परदेशात कुणीकुणी हेच धरून काढलंय, कातडीवरच्या स्निग्धाचं. "बघ," एवढंच म्हणाली. मला वाटलं, सुटली एकदाची. छे. जगानं मान्य केल्यानं तिचं काही भागत नव्हतं. हर्डीकरांनी डोळा भिंगाला लावून, स्वतःच्या तोंडानं "हो, तू बरोबर होतीस" म्हणायला हवं होतं.

हर्डीकर निवृत्त होऊन इंदिरा नगरातच घर बांधून राहिले. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना टाळलं. १९८४च्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी, भाजीबाजारात ते तिला समोरच भेटले. काळा चष्मा, काठी, बरोबर नोकर. "नमस्कार, सर," ती म्हणाली.

"कोण, वासंती?" ते म्हणाले. अगदी पूर्वीसारखं. आणि मग, जसं काही कालचंच बोलणं: "त्या तुझ्या गोगलगायी आण गं एकदा. बघू आपण."

शुक्रवारी स्टाफरूममध्ये ती आली तेव्हा मला वाटलं हिला ताप भरलाय. "बघतो म्हणाले! आपणहून! ऐक, अमौसीकडं विमानतळाच्या पलीकडं एक तळं आहे, अजून बुजवलेलं नाही. रविवारी तू आणि मी. शाळेचा सूक्ष्मदर्शक मी मागून घेतलाय. तू बरण्या धुऊन ठेव, आणि चप्पल घालून येऊ नकोस, चिखल असतो." मी बरं म्हटलं. मला गोगलगायींची शिसारी येते, पण इतक्या वर्षांत तिचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी ती वेळ ठरवायला त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. पार वाळल्या होत्या.

"ये गं," म्हणाल्या, आणि हात धरून आत नेता नेता, "तेलाचं अजून मनात आहे का तुझ्या?"

"तेल चांगलंच होतं, काकू. तेव्हाही तेच सांगत होते."

डॉक्टर आरामखुर्चीत, रेडिओकडं तोंड करून. खिडकीकडं पाठ. वासंतीनं सगळं सांगितलं: सोमवारी सकाळी येईन, ऊन चांगलं लागतं, ह्या टेबलावर मांडू. ते माना डोलावत होते. काकूंनी चहाचा कप आणून त्यांच्या हातात दिला, मग त्यांची बोटं धरून कपाच्या कानाशी नेली. वासंती बघत राहिली.

"काचबिंदू," काकू हळूच म्हणाल्या. "एक गेलाच. दुसऱ्यानं नुसत्या सावल्या. बाहेर कुणाला कळू देत नाहीत."

"काय कुजबुजताय?" डॉक्टर म्हणाले. "वासंती, तू आण तुझं सामान. तू सांगशील ते मी लिहून देतो, की मी पाहिलं. सही करतो ना."

"न पाहता?"

"आता काय फरक पडतो, बाळ?"

तिनं चहा घेतला नाही, असं ती मला म्हणाली. माझा अंदाज, घेतला असेल. काकूंसाठी.

रविवारी सकाळी मी बरण्या पिशवीत घालून, मुलाचे जुने बूट घालून तयार. ती आली ती रिकाम्या हातानं.

"जायचं नाही."

"का?"

तिनं सांगितलं. मी म्हटलं, "मग मी बघते. माझे डोळे शाबूत आहेत."

"तुला काय कळणार? तू इतिहासवाली."

"नाही कळलं तर नाही. चल तर खरी."

"पुढच्या हंगामाला जाऊ," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून माझ्या वाटाण्याच्या शेंगा सोलायला लागली.

पुढच्या हंगामाच्या आत यजमानांची बदली झाली आणि आम्ही लखनौ सोडलं. त्यानंतर अमौसीला मी एकदाच गेले, विमान पकडायला, ती गेल्यावर तिची खोली आवरून परतताना. टॅक्सीच्या खिडकीतून एक तळं दिसलं. तेच की दुसरं, मला ठाऊक नाही. ड्रायव्हर म्हणाला उशीर होतोय, मीही म्हटलं चला.